दात

खोल्याला भोक पडलंय, वावभर.
कालपासून सुई भरून बसलेय मी.
निळा दोरा मिळाला नाही, हिरवाच आणला.
वर वलांडी रिकामी,
या दिवसांत तिथे बोंबलांची सावली असते.

परवा पहाटे धनेश आला तो पाय न धुताच.
"आये, जालं कापलं मी."
एवढंच. मग हंड्यातलं पाणी प्यायला, उभ्याउभ्या.

बाकीचं तुकड्यातुकड्याने कळलं.
पाण्याला जोर होता, खोला वर येईना.
सगळ्यांना वाटलं, आज मांदेली फुटली,
यादोजी तांडेल तर नारळाचं बोलायला लागला.
आणि वर आला करवत्या.
माणसाएवढा. म्हणजे पोरच अजून;
सासऱ्यांच्या गोष्टीतला होडीएवढा असायचा.
करवत दोन्ही अंगांनी आसांत रुतलेली,
तडफडे तितका जास्तच शिवला जाई.

अशा वेळी दोनच गोष्टी कापता येतात.
करवत कापली तर जाळं वाचतं
आणि मासा पाण्यात जातो, पण कशासाठी?
(सासऱ्यांनी तेच केलं होतं.
ती करवत आमच्या दारावर आहे, हळदीकुंकवाने काळी पडलेली.
घरात येणारी प्रत्येक नवरी तिच्याखालून आली. मीही.)
जाळं कापलं तर
मांदेली, जवळा, दोन पापलेटं, डिझेलचे पैसे,
सगळं ओहोटीच्या पदरात.

धनेशने कोयता उचलला.
यादोजी ओरडला, "कर्ज तुझा बाप फेडनार काय?"
बाप नाही त्याला. यादोजीनेच खांदा दिला होता.

फोटो कोणी काढला नाही.
फोन पिशवीत, पिशवी बर्फाच्या पेटीवर,
आणि आठ हात एका माशाला पुरत नव्हते.

काल वेसाव्याच्या तरीने कासार मॅडम आल्या,
सोसायटीच्या ऑफिसात बसल्या.
चांगली बाई. चपला बाहेर काढल्या,
सुक्याच्या वासाला नाक मुरडलं नाही.
म्हणाल्या, असा मासा आता सांगण्यापुरताच उरलाय.
म्हणाल्या, मुलाने फार मोठं काम केलं.
मग फॉर्म काढला.
बोटीचा नंबर, जाळ्याची किंमत, भोकाची लांबीरुंदी.
प्राण्याचा फोटो किंवा अन्य पुरावा.

पुरावा माझ्या मुठीत होता.
सकाळी फाटक्या कडेवरून बोटं फिरवताना
एका गाठीत अडकलेला सापडला:
दात, मुळासकट, करंगळीच्या पेराएवढा.
दाखवणारच होते.
तेवढ्यात त्यांनी भिंतीवर लावायचं पत्रक वाचून दाखवलं,
या माशाचा कुठलाही अवयव बाळगणं गुन्हा आहे.
कुठलाही, असं पुन्हा म्हणाल्या.
दारावरची करवत मला एकदम आठवली,
चुलीवर दूध विसरून आल्यासारखी.

"काही पुरावा, मावशी?"
"नाय."
त्यांनी रिकाम्या चौकटीत आडवी रेघ मारली.
हळूच मारली, हे मी पाहिलं.

रात्री मढच्या खडकावरून
खोल पाण्यातल्या दिव्यांच्या बोटी दिसतात,
लग्नघरासारख्या लखलखत.
त्यांच्या जाळ्यात काय काय येतं
त्याचा फॉर्म कुठे असतो, विचारायचं राहूनच गेलं.

आता धनेश शेजारी बसून दोरा सोडवतोय.
दोन दिवसांनी विचारलं त्याला,
"गेला कसा रे तो?"
"थोडा वेळ बोटीला लागूनच राहिला," म्हणाला.
"मंग गेला. तुकडा तसाच होता करवतीवर,
तेवढा काय काढता नाय आला."

सुई थांबली माझी.
तो तुकडा माझ्या हातचा,
मागच्या बंदीत विणलेला.
आणि माझ्या गाठी सुटत नाहीत,
अख्ख्या कोळीवाड्याला ठाऊक आहे.