मुंबईपासून दीडशे किलोमीटर

दिल्लीहून फोन येतो तेव्हा
आधी विचारतात, पूना में हो ना?
मी म्हणतो, पुणे.
हाँ हाँ, वही.
एकोणीस वर्षं झाली, बातमीमागे आठशे रुपये,
आता मी दुरुस्त करतो ते फक्त सवयीनं.

पलीकडचा आवाज दर सहा महिन्यांनी बदलतो,
प्रश्न तेच.
मुंबईहून किती लांब?
तिकडे साउथमध्ये आत्ता ऊन असेल ना?
परवा एकीनं विचारलं, समुद्राचा एखादा शॉट मिळेल?
म्हटलं, खडकवासल्याला मिळेल,
कणसाच्या गाड्यांसकट.
तिनं लिहून घेतलं.

त्यांच्याकडे आमचं गाव एवढ्यातच मावतं:
एक पाटी, शक्यतो तुसडी,
एक पोरगा, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र,
निकालाच्या दिवशी पेढा भरवणारी आई.
बाकीचं शहर फ्रेमच्या बाहेर
पीएमटीची वाट बघत उभं.

गुरुवारी कात्रजच्या पलीकडे, भिवरेवाडीत, भिंत पडली.
सोसायटीची, वीस फुटी. खाली पत्र्याच्या खोल्या.
मी पोचलो तेव्हा अग्निशमनचे लोक
हातांनी विटा काढत होते
आणि एक लाल प्लास्टिकची बादली
काठोकाठ भरलेली, होती तशीच उभी.
मी बादली शूट केली.
दिल्ली म्हणाली, कोई रोता हुआ?

बारा मिनिटांत बातमी लागली.
खाली पट्टी: मुंबई में दीवार गिरी.
नकाशावर लाल ठिपका
अलिबागच्या जरासा आत,
कुणाच्या तरी सुपारीच्या बागेत.
फोन केला. ती म्हणाली, सर,
लोगों को समझ में आना चाहिए ना.
हिंदीत रागावणं मला नीट जमत नाही,
क्रियापदापाशी अडखळतो,
तरी रस्त्यात उभा राहून रागावलो.

मग गाडीवर बसूनच दुसरी कॉपी लिहायला घेतली,
इथल्या पेपरासाठी, मराठीत:
पुण्याजवळ भिंत कोसळून चार परप्रांतीय मजूर

मागून कुणीतरी वाचत होतं.
सिंधूताई कुदळे. आधी सरपंच होत्या,
आता ते पदच नाही, गाव महापालिकेत गेलं.
म्हणाल्या, पुण्याजवळ?
टॅक्सच्या नोटिशीवर आम्ही पुण्यात,
कचऱ्याचा डंपर येतो तेव्हाही पुण्यातच.
माणूस मेला की बरे जवळ होतो!

मी 'जवळ' खोडलं.
पुढच्या शब्दावर बोट थांबलं,
पण नेट गेलं, बॅटरी अकरा टक्के,
तो तसाच राहिला.

ससूनला, शवागाराबाहेरच्या बाकावर
एकाचा भाऊ बसला होता, केजूराम.
गुडघ्यावर सिमेंट, नखांत सिमेंट.
खिडकीतल्या क्लार्कनं फॉर्मवर लिहूनही टाकलं होतं: बिहार.
केजूराम म्हणाला, छत्तीसगड.
हां हां, तेच, म्हणाला क्लार्क
माझ्याच बोलीत, माझ्याच पेठेतल्या हेलात.

मी मान खाली घातली, वही पुढे केली.
गावाचं नाव लिही म्हटलं.
त्यानं एकेक अक्षर कोरत लिहिलं, सेमरडीह,
आणि मला कळावं म्हणून, न विचारताच,
खाली लिहिलं
रायपूरपासून किती किलोमीटर ते.

मी नाव पाठवलं, किलोमीटर नाही.
सकाळी पेपरात नाव नव्हतं.
जागा कमी पडली, म्हणाले.
परप्रांतीय होतं, ठळक.

वहीतलं ते पान अजून आहे.
गावात एक तळं आहे, असंही तो म्हणाला होता,
उन्हाळ्यातही आटत नाही.
त्याबद्दल त्याला कुणी काही विचारलं नव्हतं.