तिसरा रकाना

होडकं थांबलं की अमोको वल्हं आडवं ठेवतो मांडीवर
आणि म्हणतो, आता बोलायचं नाही.
जसं काही मी इतका वेळ बोलतच होते.

फेब्रुवारीतलं तळं.
रुपुनुनी उतरून गेली तेव्हा मागे विसरलेलं.
कडेच्या चिखलाला भेगा, भेगांत शिंपले,
मध्ये परातीएवढी कमळपानं, काठ उचललेली.
एका पानावरून कमळपक्षी चालत येतो,
उसनी चप्पल घातल्यासारखा.
पलीकडच्या झाडीत लाल माकडांचं गुरगुरणं सुरू होतं
आणि कुणी दटावल्यासारखं एकदम थांबतं.

अरापायमा वर येतो हवा घ्यायला.
माणसाच्या दीडपट लांब, शेपटीकडे
शेंद्रीच्या बियांसारखा लाल.
पाण्यातच जन्मला तरी पाण्यावर भागत नाही त्याचं.
दर वीस मिनिटांनी एकदा
ओल्या खोकल्यासारखा आवाज,
मग फुटणारं वर्तुळ, मग काहीच नाही.
त्या आवाजावर मोजायचं.

वही माझ्या गुडघ्यावर.
ऑफिसने आखून दिलेत दोन रकाने: लहान, मोठा.

अमोकोचे डोळे दुधाळलेत दोन पावसाळ्यांपासून.
मान तिरकी करून तो सांगतो,
"मोठी. मादी आहे. गेल्या वर्षीचीच,
बुडताना डावीकडे वळते."
मी रेघ ओढते.
"तुला कसं कळतं?"
"याच श्वासावर भाला फेकायचो मी."

हे तो असं सांगतो, जसं कुणी सांगावं
पूर्वी आम्ही त्या टेकडीपलीकडे राहायचो.
रात्री ताकुतू ओलांडून
मीठ चोळलेले पट्टे ब्राझीलच्या काठावर,
येताना साखर, काडतुसं,
एकदा माझ्या आईसाठी निळा फ्रॉक.
तिने तो घातला की मांजरं मागे यायची म्हणे.
किती मारलेस, ते मी विचारलं नाही.
तेव्हा कुणी वही दिली नव्हती त्याला.

कोकोला विचारलं होतं एकदा, तो हे का करतो आता.
ती कडू कसावा किसत होती, कोपरापर्यंत पांढरी.
म्हणाली, "विषारी आहे म्हणून कुणी फेकून देतं का?"
आणि किसतच राहिली.

ऊन कलतं. पाणकुत्र्यांचं कुटुंब
चिडून आमच्यावर फुरफुरतं आणि निघून जातं.
"मोठा," अमोको म्हणतो.
मी बघत होते त्याच पाण्याकडे.
पान हललं नाही. वर्तुळ नाही.
एक चतुर बसला होता काठीवर, तोही उडाला नाही.

मी घड्याळ बघते.
डास चावू देते.
विसाव्या मिनिटाला, पाणी तसंच सपाट असताना,
तो बोट उचलतो: "तोच."

तिसरा रकाना मी आखलाय, पेन्सिलने,
पुसता येईल इतका फिका.
त्याला नाव दिलेलं नाही.
यंदा त्यात नऊ रेघा आहेत.
अन्नाईच्या ऑफिसात डेस्मंड आकडे उतरवून घेतो
तेव्हा मी पानावर तळवा ठेवते.

अंधारात घरी येतो आम्ही.
काठावर केमनचे डोळे, विडीच्या टोकासारखे.
"किती?" कोको विचारते.
"एकतीस," मी म्हणते.
"चाळीस," तो म्हणतो.
दोघंही खोटं बोलत नाही.

कोको काही बोलत नाही.
मटापीत किसलेला कसावा ठासून भरते,
तुळईला लटकवते, खालच्या दांडक्यावर बसते
सगळं वजन टाकून.
विणलेला साप ताणत जातो.
खालच्या भांड्यात पिवळं पाणी
थेंब.
थेंब.

अमोको अंधारात मान वळवतो तिकडे.
मी बघते, त्याचं बोट
मांडीवरून हळूच वर येतंय.