गलाई

काठमांडूहून आबासो मुळीक विट्यात उतरला
सोनं गाळायची मूस, चिमटा
अन् एक परका डबा घेऊन.
सलूनात सगळे एकदम,
'सरकार कसं पडलं रं तिथलं?'
'मी शटर पाडलं, तेवढंच बघितलं.
घरमालकिणीनं मागल्या दारानं काढलं,
वाटेला भात बांधून दिला.
पोरंच होती ओ. आमच्या सुशांतएवढी.'

सुशांत तिसऱ्यांदा भरतीसाठी पळतोय,
मायणी रोडला, पहाटे.

टीव्हीवर ढाका लागलं, मग कोलंबो.
न्हावी म्हणाला, 'आपल्याकडं नाही व्हायचं असलं.'
माझ्या गळ्यावर वस्तरा होता.
बाकीच्यांच्या नव्हता,
तरी कुणी बोललं नाही.

निघताना आबासो म्हणाला,
'मास्तर, तिचा डबा राहिलाय की माझ्याकडं.
रिकामा कसा धाडायचा?
अन् कुठल्या पत्त्यावर?'