नावाड्याचा जुळा भाऊ

पाथर्डी फाट्यावर, पुलाखाली,
भुर्जीच्या गाडीपाशी पावणेबाराला
खैरनारने प्लेट आपटली:
"मेलेला माणूस मेलेलाच राहायला हवा."

गाडीवाल्याने चमकून पाहिलं.
मी हातानेच सांगितलं, आमच्यातलं नाही कुणी,
खेळातलं आहे.

खेळाचं नाव सातवा किनारा. अकरा वर्षं झाली.
तिसऱ्या पर्वात नावाडी इल्वार बुडाला
तेव्हा खैरनार बारावीत, मी नापास होऊन घरी,
भामरे सातपूरला नुकताच हेल्पर लागलेला,
आणि तौसिफ, जो संवाद वाचतच नाही,
फटाफट पुढे ढकलून तलवार काढतो,
तोही त्या रात्री काठावर उभा होता.
कुणी सांगितलं नव्हतं.
बक्षीस नव्हतं, गुण नव्हते.
शेकडो अनोळखी लोक, हातात मशाली,
पाण्याकडे तोंड करून.
आमच्या गल्लीतली लाईट गेली
तेव्हा कुठे मी रडले.

आणि आता नवव्या पर्वात
इल्वारचा जुळा भाऊ आलाय.
तोच चेहरा, तीच नाव, नवी टोपी.
टोपी विकत मिळते.

भामरे म्हणाला, खाणारे वाढले
की वरणात पाणी घालावंच लागतं.
आणि लिहिणारे तरी तेच राहिलेत का?
कुणी सोडून गेलं असेल, कुणाला पोरं झाली असतील.
माझ्या मशीनवर तीन साहेब येऊन गेले,
मशीन तेच, सेटिंग प्रत्येकाचं वेगळं.

खैरनार म्हणाला, वरण नको सांगू मला.
पूर्वी गोष्ट शोधावी लागायची.
विहिरीत पाचव्या पायरीवर एक ओळ कोरलेली,
ती वाचायला आपण दोन रात्री पाणी उपसलं.
आता सोन्याचा बाण दाखवतो:
इकडे जा. इथे हळहळ.

तौसिफ म्हणाला, पाव सांग अजून दोन.

मी गप्प होते.
दिवसभर मोहाडीच्या पॅकहाऊसमध्ये द्राक्षं निवडते.
मण्याला रिंग लावायची, सोळा मिलिमीटर,
रसाचा थेंब काचेवर टिपून गोडी मोजायची,
देठ हिरवा हवा, डाग नको,
मग पेटी जहाजातून जाते
मी न पाहिलेल्या बंदराला.
गोष्टीला कुठली रिंग लावतात
ते मला कुणी शिकवलं नाही.

एवढंच माहीत आहे की
जुन्या धक्क्यावर, जिथे आता कुणाचंच काही काम नसतं,
एक कंदील आहे आणि दोन कप.
अकरा वर्षांत नकाशा चारदा बदलला.
कंदील कुणीतरी दर वेळी उचलतं
आणि परत तिथेच आणून ठेवतं.
परवा गेले तर
एक कप पालथा होता.

हे मी सांगितलं.
"पालथा?" खैरनार म्हणाला. "कधीपासून?"
"चूक असेल," भामरे म्हणाला.
"तो भाऊ धक्क्यावर पाय ठेवत नाही,"
तौसिफ म्हणाला, तोंडात घास,
"बघितलं नाहीत? सगळं नावेतूनच बोलतो."

संवाद न वाचणारा तौसिफ.

मग काय, दीड वाजला.
गाडीवाल्याने गॅस बंद केला, बाकडी उलटी टाकली,
वरून मुंबईकडे कांद्याचे ट्रक जात राहिले,
माघाची थंडी कानात शिरली तरी
आम्ही उभ्याने भांडत होतो,
कप कुणी पालथा केला यावर.
शेवटी खैरनार म्हणाला, तरीही लिखाण भिकारच,
सोडतोय मी खेळ.
हे सहाव्यांदा.

दुसऱ्या रात्री साडेनऊला मी धक्क्यावर गेले.
खैरनार आधीच तिथे, चिलखतासकट
कंदिलाजवळ उकिडवा.
मी काही विचारलं नाही.
तो थोडा सरकला.

भामरेची सेकंड शिफ्ट होती.
त्याच्यासाठी थांबलो.