जागल्या

माझ्या नवऱ्याचा श्वास मी विड्यांत मोजते.
धड असला तर पानावर तंबाखू पसरेस्तोवर येऊन जातो.
अडला, तर अख्खी विडी वळून होते,
दोरा तीनदा फिरवून तोंड मुडपून होतं,
दुसरं पान हातात येतं,
तरी आत काही जात नाही.
छाती हलत असते तेवढी. वर, खाली,
आतून कडी लावलेल्या दाराला कुणी खांदा देत राहावा तशी.
मग पाचव्या दिवशी पाणी यायच्या आधी
आमच्या घरकुलातला नळ खोकतो,
तसा खोकून राजेशम परत येतो.
डोळे मिटलेलेच. त्याला काहीच माहीत नसतं.

करोनात घेतलेला बोटाचा चिमटा ट्रंकेत होता.
सेल बदलून लावला.
पंच्याण्णव. नव्वद. त्र्याऐंशी. अठ्ठ्याहत्तर.
हवेचा आकडा जिना उतरत गेला
आणि खोकल्यासरशी शेजारचा आकडा,
ठोक्यांचा, अठ्ठावन्नवरून एकशेसहावर उडाला.
मी रात्रभर बघत बसले.
असं किती वेळा, ते लिहायचं सोडून दिलं.

हलकुडे डॉक्टरीणबाईंनी
माझ्या विडी कार्डाच्या पाठीमागं मान काढली.
म्हणाल्या, इथं, रक्ताच्या नळीला फाटा फुटतो ना,
तिथं तांदळाच्या दाण्याएवढा एक जागल्या असतो.
रक्तातली हवा चाखायची, एवढंच त्याचं काम.
कमी लागली की हाक मारतो.
हाक मेंदूच्या बुडाशी जाते,
तिथून मणक्याच्या तारांवरून गावभर:
नळ्या आवळा, हातापायांचं रक्त आत ओढा,
काळजाला हाणा, उठवा याला.

वाईट नाही हो तो, बाई म्हणाल्या,
त्याच्यामुळंच सकाळी उठतात हे.

पण एका रात्रीत तीनशेदा?
आणि अशी किती वर्षं?
मला वाटलं, बिचारा थकत असेल, आवाज बसत असेल.
उलटंच. त्याचा कान तिखट होत जातो म्हणे.
मग दिवसाही, भरपूर हवेत,
लिंबाखाली चहा पीत बसलं तरी
तो हाका मारत राहतो, आणि तारा ऐकत राहतात.
म्हणून तीन-तीन गोळ्या गिळून
वरचा आकडा एकशेसत्तरच्या खाली येत नव्हता.

मागावर सूत तुटलं की माग थांबतो.
तेवढी अक्कल लोखंडाला आहे.
यांच्यात सूत तुटलं की वेग वाढायचा.

मे महिन्यात पत्रा भाकरी भाजेल इतका तापायचा
आणि यांचे तळहात गार.
जॉबरच्या अंगावर कांडी फेकली ते,
सकाळी उठल्या उठल्या डोकं धरून बसायचे ते,
थोरलीच्या लग्नाच्या बोलणीत भर बैठकीतून उठून गेले ते.
मी सगळं रागाच्या खात्यावर मांडलं होतं.
सासूचाच स्वभाव, म्हणायचे.

आता भाड्याचं मशीन आणलंय.
नाकावर रबरी तोबरा, नळी, हवा.
पहिल्या रात्री आरशात बघून म्हणाले,
आंजनेय दिसलालाव का गं मी?
आणि झोपले. पहाटेपर्यंत शहाण्णव.
नळ खोकला नाही.

बाई म्हणाल्या, गोळ्या लगेच बंद करू नका.
हवा पुरती आहे, हे जागल्याला
एका रात्रीत पटत नाही. महिने लागतात.

मी दोन वाजता उठून बसते. अजूनही.
शेजारी नीट चाललेलं असतं, मशीन बारीक फुसफुसत असतं,
आणि माझं काळीज भिंतीला ऐकू जाईल असं.
काल चिमटा माझ्याच बोटाला लावला.
हवा अठ्ठ्याण्णव. ठोके एकशेबारा.

कुणाला उठवलालास बे, दाण्या?
झोप की.

सकाळी माल द्यायचाय. सातशेच झाल्यात.