मुकादम टोकन घेतो

शारजात, रोलाच्या मागच्या गल्लीत, दातांच्या दवाखान्यावर
शुक्रवारी चार ते पाच
बेहेरे बाई एक खुर्ची रिकामी ठेवतात.
माझ्यासाठी नाही. माझी वेगळी आहे.

पहिल्या दिवशी मी एका दमात सांगून टाकलं,
टायपिंग सेंटरच्या काउंटरवर लोक मला सांगतात तसं,
पासपोर्ट पुढे सरकवत:
इनायत पावसकर, वय सत्तेचाळीस, मुक्काम पोस्ट हर्णै.
अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्यांचा धंदा होता, बुडाला.
चेक परत आला, मी आत गेलो.
चार महिने अकरा दिवस.
बायकोच्या बांगड्या गेल्या, सासऱ्यांची होडी गेली.
बुडवा माणूस आहे मी. संपली गोष्ट.

बाई म्हणाल्या, कोण सांगतंय ही गोष्ट?
मीच की.
म्हणाल्या, आवाज तुमचा वाटत नाही.

खिडकीबाहेर एसीचं पाणी डब्यात पडत होतं.
मी थेंब मोजले, एकशे तीसपर्यंत.
मग म्हणालो, पहाटे चारला येतो एकजण.
हजेरी घेतो.
देणी किती, खोटी वचनं किती,
सफियाच्या बांगड्या किती तोळ्यांच्या होत्या.

नाव ठेवा त्याचं, बाई म्हणाल्या.
आजवर त्यानेच मला नावं ठेवली होती,
मी त्याचं एक ठेवायचं
हे कधी सुचलं नव्हतं.
मुकादम, मी म्हटलं.
बसवा त्याला, त्या म्हणाल्या,
आणि ती रिकामी खुर्ची कशासाठी ते मला कळलं.

मग विचारत गेल्या. कुठून आला हा?
कुणाचा पगार घेतो?
तुम्ही कधी त्याचं ऐकलं नाही असं झालंय?
आणि, खाडा करतो का कधी?

मुकादम आणि खाडा!
इतक्या महिन्यांनी हसलो, खोकला येईपर्यंत.
आणि खोकता खोकता आठवलं.

आत, तिसऱ्या आठवड्यात,
टेकबहादुर नावाचा पोरगा, बावीस वर्षांचा,
त्याच्या मालकाने पासपोर्ट दाबून ठेवलेला.
कागद नव्हता. ज्यूसचा खोका फाडून
आतल्या करड्या बाजूवर
मी त्याचा अर्ज लिहिला,
बिलं वाचून वाचून शिकलेल्या माझ्या मोडक्या अरबीत.
मोडकी, पण ओळी सरळ.
सकाळी माझ्या बिछान्यापाशी सहाजण,
प्रत्येकाच्या हातात खोका.
त्या रात्री चार वाजले, पाच वाजले,
कुणी आलं नाही.

बाईंनी शाबासकी दिली नाही.
विचारलं, हे ऐकून कुणाला नवल वाटलं नसतं?

पार्वती चोगलेला.
हर्णैच्या बंदरावर, मी आठवीत,
लिलावाचा हिशेब लिहायचो तिचा.
वहीला खवले चिकटलेले, पानं ओलसर.
ती लोकांना सांगायची,
पोराच्या अक्षराला मासळीचा वास येतो,
लबाडीचा येत नाही.
तीस वर्षं हे वाक्य कुठे पडून होतं?
मुकादमाच्या वहीत तर नव्हतं.

होडी परत आली नाही, सांगून ठेवतो.
सफिया फोनवर अजून
हो आणि बरं एवढंच म्हणते.
बाईंनी एकही आकडा बदलला नाही.
टेकबहादुरचं पुढे काय झालं, मला माहीत नाही.
एवढंच, की कुणी विचारलं तर
आता मी बंदरापासून सुरुवात करतो.

काल भरदुपारी तो सेंटरवर आला.
गर्दी होती. एक म्हातारा पठाण
मुलीच्या व्हिसासाठी दोन्ही मुठी
काउंटरवर ठेवून उभा.
मी मान वर न करता म्हटलं,
टोकन घ्या.
घेतलं त्याने. एकशे सात.
चौऱ्याऐंशी चालू होता.

बसला कोपऱ्यात, पंख्याखाली.
अर्ध्या तासाने मीच पाणी विचारलं.
नको म्हणाला.
आवाज, खरं सांगू,
जरा बसला होता त्याचा.