शेवटचा रकाना

मला नुसतं बसवलं होतं.
‘पॅनेलवर एक लोकल माणूस हवा,’ मिहिर सर म्हणाले,
म्हणून स्टोअरच्या चाव्या खिशात तशाच ठेवून
मी एसीत, पाय खुर्चीखाली ओढून.
देवबागच्या या टोकाला, जिथे कर्ली खाडी समुद्रात शिरते,
आता अठरा खोल्या, एक निळा तलाव,
आणि आज रिसेप्शनसाठी अकरा उमेदवार.

फॉर्मवर रकाने होते. इंग्रजी. कॉम्प्युटर. पेहराव.
शेवटचा: कल्चर फिट. एक ते पाच.
मी हळूच विचारलं, यात काय बघायचं?
‘गट फीलिंग हो,’ सर म्हणाले,
‘आपल्यात बसेल का, एवढंच.’

आपल्यात.
हा शब्द मला कोणी समजवायला नको होता.

सातवी, आम्रपाली पेंडूरकर.
चपला दाराबाहेर काढून आली.
फाइल पिशवीत, पिशवी कापडाच्या दुकानाची.
आडनाव वाचलं, आणि मी नजर
पुढच्या ओळीवर नेऊन ठेवली.

‘समजा, तुम्ही झाड असता, तर कोणतं असता?’
आधीच्या सहाही जणांनी माड सांगितला होता.
ती जरा थांबली.
‘सर, कुंडीतलं, की बाहेरचं?’

सर हसले. पेन मात्र हसलं नाही,
‘ॲटिट्यूड’ लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढलं त्यानं.
ती हसत नव्हती.
हसण्यासारखं कोणी काही बोललंही नव्हतं.

माझी मुलाखत बाबल तांडेलानं घेतली होती,
दहावी नापास झालो त्या वर्षी, नारळी पुनवेच्या आदल्या दिवशी.
खळ्यात जेवायला बसवलं. एक शब्द विचारला नाही.
बांगड्याचा मधला तुकडा मी कुणाकडे सरकवतो,
काटे कुठे ठेवतो, पानात भात टाकतो का,
सगळं बघितलं, तांब्याभर पाणी प्याला,
‘उद्या ये.’
ही गोष्ट मी चार माणसांत सांगतो.
लोक म्हणतात, काय माणसं पारखायची ती!

पुढचं सांगत नाही.
त्या दिवशी खळ्याबाहेर आणखी एक जण उभा होता,
धाकू पेंडूरकर. भर भरतीत खाडी आडवी कापायचा.
त्याला पान मांडलं नव्हतं.
‘कोणाचो रे तू?’ तांडेल म्हणाला.
त्यानं सांगितलं.
मग तांडेल बराच वेळ वल्ह्याकडे बघत राहिला,
जसं काही ते मोडलं होतं.
‘होडयेत जागा नाय रे, झिला.’

होडीत दोघांची जागा होती.
एकीवर मी बसलो.
दुसरीवर जुनं जाळं ठेवलं आम्ही,
अख्खा हंगाम.

‘तुम्ही विचारा ना काहीतरी,’ सर म्हणाले, ‘लोकल म्हणून.’
जिभेवर आलंच होतं. आमच्याकडे
पोर बोलायला लागायच्या आधी जे ऐकतं, तेच:
कोणाची गो तू?

गिळलं.
पोहता येतं? म्हटलं.
‘येतं.’
मग पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघून,
‘बाबांनी शिकवलं. घरात होडी नव्हती कधी.
खाडी होती.’

बाबांचं नाव फॉर्मवर होतं.
मी तो उलटा ठेवला.

सरांनी शेवटच्या रकान्यात दोन दिले.
मी पाच.
‘एवढे?’
गट फीलिंग, म्हटलं. दुसरं काय म्हणणार,
तो शब्द तरी त्यांच्याच पदरचा होता.
‘सरासरी साडेतीन,’ सर म्हणाले. ‘कळवू आम्ही.’

दाराशी तिनं चपलेचा पट्टा लावला,
एकदा सुटला, पुन्हा लावला.
कधी कळवाल, असं विचारलं नाही.

आठवा आत आला. हसरा होता.
माड, म्हणाला.